उभा हात, आडवा हात

मी एक जुना पितळी वायपर आहे. दुकानांच्या काचा पुसायचा. आर्लिस गेली हे मला कोणी सांगितले नाही; वायपरला असल्या गोष्टी कोण सांगणार? ते मला एका सोमवारी सकाळी बेकरीच्या खिडकीत कळले.

त्या सकाळी वेन्डेल एकटाच आला होता. त्याने बेकरीची काच नेहमीसारखी बाहेरून धुतली, आपल्या वायपरने कोरडी केली आणि मग दार ढकलून तो आत आला. त्याच्या कमरेला दोन पट्टे होते, एक त्याचा आणि एक आर्लिसचा. आर्लिसच्या पट्ट्याला लटकणाऱ्या चामडी पिशवीतून त्याने मला बाहेर काढले. काचेला आतून साबण लावला. मग मला डावीकडच्या कोपऱ्यात टेकवले आणि उजवीकडे ओढत नेले.

त्या एका हाताने मला कळले. मित्रांनो, तुम्हालाही ते समजावे म्हणून आधी आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी.

दुकानाची काच दोन्ही बाजूंनी पुसावी लागते. पुसून झाली की कधीकधी एखादी बारीक रेघ मागे राहते. आता ती रेघ आतली की बाहेरची? काचेवरची रेघ दोन्हीकडून सारखीच दिसते. आतला म्हणतो बाहेरची आहे, बाहेरचा म्हणतो आतली आहे. या एका गोष्टीवरून चांगली चांगली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. म्हणून या धंद्यातल्या जुन्या लोकांनी ठरवून टाकले की बाहेरच्याने आडवे हात मारायचे आणि आतल्याने उभे. रेघ आडवी राहिली तर ती बाहेरच्याची, उभी राहिली तर आतल्याची. ज्याची त्याने पुसायची. भांडण तिथेच मिटते.

वेन्डेल कांगास बाहेरचा होता आणि त्याची बायको आर्लिस आतली. मी आर्लिसचा. विकत घेतल्या दिवसापासून तिने मला वरून खालीच ओढले होते. आडवे मला कोणी कधी नेले नव्हते. ती आजारी असती तर वेन्डेल तिच्याजवळ बसून राहिला असता. तो कामावर आला होता, एकटा आला होता, आणि तिच्या बाजूची काच आपल्या पद्धतीने पुसत होता. आणखी काही कळायचे उरले नव्हते.

बेकरीवाली गल्ल्यामागून आली. तिने कागदात बांधलेले दालचिनीचे दोन रोल त्याच्या बादलीवर ठेवले आणि ती परत आत गेली. वेन्डेलने काच पुरी केली.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. पितळ वितळवून साच्यात ओतले, त्याची मूठ झाली. मुठीच्या वरच्या टोकाला एक जबडा आणि त्याला दोन स्क्रू. त्या जबड्यात एक लांब पितळी पन्हळ बसते आणि पन्हळीत रबराची पट्टी. एवढाच मी. माझ्यात चाक नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. मला घासून चकचकीत केले आणि सरोवराकाठच्या डुलूथ गावात साफसफाईचे सामान विकणाऱ्या एका दुकानात टांगून ठेवले.

तेव्हा वेन्डेलचा भाऊ त्याच्याबरोबर आतले काम करायचा. एका हिवाळ्यानंतर त्याला सरोवरावरच्या वाऱ्याचा कंटाळा आला आणि तो अ‍ॅरिझोनाला निघून गेला. आर्लिस त्या वेळी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करत होती. ती म्हणाली, आतले काम मी करते, निदान इस्त्रीपासून सुटेन. वेन्डेलला वाटले ती दोन महिन्यांत सोडेल. त्याने तिला वायपर घ्यायला दुकानात आणले.

दुकानदाराने मला तिच्या हातात दिले आणि लगेच परत मागितले. म्हणाला, "हा तुम्हाला जड पडेल. प्लास्टिकचा दाखवतो, हलका आहे."

आर्लिसने मला हवेत वरून खाली एकदा नेले. "जड आहे म्हणून तर आपोआप खाली येईल," ती म्हणाली. "मला फक्त वर न्यायचाय."

मला तिने घेतले ते असे.

आमची कामाची वर्षे फार घडामोडींची नव्हती. सोमवारी बेकरी आणि तिच्या शेजारची दुकाने, बुधवारी चष्मेवाल्याचा कोपरा, गुरुवारी चढावरची गल्ली. उन्हाळ्यात काचांवर माश्यांचे ठिपके आणि मुलांच्या हातांचे ठसे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ गाड्यांच्या चाकांनी उडून काचांवर बसायचे. थंडी वाढली की वेन्डेल बाहेरच्या बादलीत स्पिरिट मिसळायचा, म्हणजे पाणी काचेवर गोठत नसे. आर्लिसला त्याची गरज नव्हती. ती आत, उबेत. वेन्डेलच्या टोपीवर बर्फ आणि तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर, आणि मधे एक काच. ती त्याच्याकडे बघून मुद्दाम कपाळाचा घाम पुसायची.

दोघे एकाच वेळी एकाच काचेवर काम करायची. वेन्डेलला डाग दिसला की तो बोटाच्या सांध्याने टक्‌ करून वाजवायचा. डाग आतला असेल तर आर्लिस तो नखाने खरवडून काढायची. बाहेरचा असेल तर ती नुसती मान हलवायची आणि तिथेच आतून टक्‌ करायची.

तिला काचेतून बोलायचीही सवय होती. त्याला काही ऐकू जात नाही हे तिला पक्के ठाऊक होते, तरी ती सावकाश, पूर्ण वाक्ये बोलायची. वेन्डेल हातातले काम थांबू नये म्हणून मान डोलवायचा. एका शनिवारी तिने पिवळ्या रंगाचे डबे आणून स्वयंपाकघरात ठेवले. वेन्डेलने विचारले हे काय.

"तूच हो म्हणालास."

"मी? कधी?"

"बुटांच्या दुकानासमोर. चांगली दोनदा मान हलवलीस."

स्वयंपाकघर पिवळे झाले. त्यानंतर बरेच दिवस वेन्डेल काच पुसताना मान ताठ धरून असायचा. पण ती सवय काही फार दिवस टिकली नाही.

आर्लिसच्या कामाची तारीफ होत असे, ती मुख्यतः एका गोष्टीसाठी. खिडकीत मांडलेल्या वस्तू ती उचलून बाजूला ठेवायची आणि काच झाली की होत्या तशा परत ठेवायची. बूट असेल तर त्याचे तोंड होते त्याच बाजूला. कोपऱ्यावरचा चष्मेवाला हॅगबर्ग काचेच्या बाबतीत सगळ्यांत काटेकोर. त्याच्या दुकानाला रस्त्याच्या अंगाला भिंत नाहीच, सगळी काच. सकाळी सूर्य सरोवरातून वर येतो आणि तो थेट त्याच्या खिडकीत. त्या उन्हात काचेवरचे काहीही लपत नाही. एकदा एक गिऱ्हाईक त्याच्या दाराच्या काचेवर येऊन धडकले, कारण त्याला दार उघडेच आहे असे वाटले. हॅगबर्गने त्या माणसाच्या नाकाला बर्फ लावला आणि मग आर्लिसला बोलावून तिचे अभिनंदन केले. नंतर त्याने दारावर एक कागदाची पट्टी चिकटवली.

एका वर्षी फिरता विक्रेता वेन्डेलला भेटला. त्याच्याकडे नव्या तऱ्हेचे वायपर होते. मूठ प्लास्टिकची, मान सगळीकडे वळणारी, वजन जवळजवळ नाही. वेन्डेलने आपला जुना वायपर गॅरेजमध्ये ठेवला आणि तो नवा घेतला. शरद ऋतूभर त्याने त्याचे गुण गायले. मग जानेवारी आला. एका सकाळी बेकरीच्या चौकटीला त्याची मूठ जराशी लागली आणि जबडा कडकन मोडला. पन्हळ, रबर, सगळे त्याच्या बुटांजवळ बर्फात पडले. वेन्डेल हातात उरलेली मूठ धरून उभा. आतून आर्लिस काहीतरी बरेच बोलली. या वेळी त्याने मान हलवली नाही. तो दार किलकिले करून म्हणाला, तुझा दे जरा.

"याला फक्त खाली यायला शिकवलंय," आर्लिस म्हणाली. "तुझं आडवं काम याला जमायचं नाही." आणि तिने दार लावून घेतले, कारण उबेतली हवा बाहेर जात होती.

वेन्डेलने ती काच फडक्याने पुरी केली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधला जुना पितळी वायपर परत त्याच्या कमरेला आला.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, हा पितळी म्हणून स्वतःची बढाई मारतो आहे. लोकही मला टिकाऊ म्हणतात. मी शिडीवरून फरशीवर पडलो आहे, मुठीला एक पोचा आहे, एक स्क्रू बदललेला आहे, बाकी होतो तसा आहे. पण मित्रांनो, काचेला मी कधी लागतच नाही. पितळ काचेला लागले तर ओरखडा उठेल. काचेला लागते ते रबर. सगळे काम त्या पट्टीचे, आणि ती पट्टी फार टिकत नाही. तिची एक धार बोथट झाली की ती उलटी करून दुसरी धार वापरायची, तीही गेली की टाकून द्यायची आणि नवी घालायची. मी इतकी वर्षे कामाचा राहिलो याचे कारण माझे पितळ नाही. आर्लिस पट्टी वेळेवर बदलायची.

ती रोज सकाळी अंगठ्याचे नख धारेवरून फिरवून बघायची. कुठे अडकले की "ही गेली" म्हणायची, पट्टी ओढून काढायची आणि जवळ जी कचऱ्याची टोपली असेल तिच्यात टाकायची. पुन्हा तिकडे बघायचीही नाही. नव्या पट्ट्या व्हॅनमध्ये एका लांब पत्र्याच्या डब्यात, पावडर लावून सपाट ठेवलेल्या असत, ऊन लागू नये म्हणून. पन्हळीपेक्षा पट्टी दोन्ही टोकांना थोडी जास्त ठेवून ती कापायची. तसे केले नाही तर चौकटीच्या कडेला पाण्याची रेघ राहते.

शेवटची पट्टीही तिनेच घातली. शनिवारी दुपारी, व्हॅनच्या मागच्या दारात. पुढच्या आठवड्याची तयारी म्हणून. स्क्रू घट्ट बसेना तेव्हा ती बादली उपडी करून तिच्यावर बसली आणि म्हणाली, आज हातात जोर नाही. वेन्डेल शिडी बांधत होता. तो म्हणाला, ठेव, मी करतो. पण तोवर तिने केले होते. मग तिने मला पिशवीत घातले. तिला मी त्यानंतर पाहिले नाही.

त्यानंतर जे झाले ते मला पुढे व्हॅनमधल्या बोलण्यातून कळले तेवढेच. दवाखान्यात नेईपर्यंत रात्र झाली होती. अंत्यविधीला चर्चमध्ये पुष्कळ लोक आले, सगळ्या रस्त्यावरचे दुकानदार आले. शेजारच्या बायकांनी भांडी भरभरून हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेले घरचे जेवण, आणून दिले आणि प्रत्येक भांड्याच्या तळाला आपापल्या नावाची चिकटपट्टी लावली. त्या दिवसांत मी ओल्या पिशवीत तसाच पडून होतो. पितळाला ओल सोसत नाही. माझ्या मुठीवर हिरवा थर चढला.

त्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी वेन्डेलने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर घेतले आणि व्हिनेगर-मीठ लावून घासले. मूठ घासली, पन्हळ घासली, स्क्रूंच्या खाचा काडीने साफ केल्या. पण स्क्रू सैल केले नाहीत. रबराची पट्टी होती तिथेच राहू दिली. पट्टीच्या कडेकडेने त्याने कापड फिरवले, तिला धक्का न लावता.

ती पट्टी तेव्हा जवळजवळ नवी होती. पण रोज दोन-चार काचा पुसल्या की रबर झिजतेच. पुढे बेकरीच्या चौकटीतून एक खिळा जरा वर आलेला होता, त्याला ती घासली आणि धारेत एक खाच पडली. खाच असलेली धार काचेवरून नेली की तिथे पाण्याची एक बारीक रेघ राहते, प्रत्येक हाताला एक. वेन्डेल मला आडवाच ओढत होता आणि बाहेरचा वायपरही आडवाच. त्यामुळे आता रेघ आतली की बाहेरची, हे सांगता येत नव्हते.

वेन्डेल म्हणायचा, बाहेरची आहे. बाहेर धूळ असते, वारा असतो. तो आपल्या वायपरची पट्टी उलटी करायचा, बदलायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलायचा. डब्यातल्या पट्ट्या भराभर संपत होत्या. बाहेरच्या काचेवर तो तीन तीन वेळा हात मारायचा. आत येऊन बघायचा, रेघ तशीच. पुन्हा बाहेर जायचा.

दुकानदार पहिल्यांदा काही बोलले नाहीत. कॉफी द्यायचे, बस म्हणायचे. मग बुटांच्या दुकानाने दुसऱ्या माणसांना बोलावले. ते गाडीतून लांब नळीचा दांडा काढायचे आणि नुसत्या स्वच्छ पाण्याने बाहेरची काच धुऊन निघून जायचे. त्यांचेही काम वाईट नव्हते. वेन्डेल त्या दुकानावरून जाताना दुसरीकडे बघायचा.

मग एका बुधवारी हॅगबर्गने त्याला थांबवले. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितले की सकाळच्या उन्हात त्याच्या खिडकीवर रेघांची जाळी दिसते आहे, गिऱ्हाइके चष्मा लावून बघतात आणि त्यांना वाटते चष्म्याचा नंबर चुकला. पुढच्या बुधवारपर्यंत तो थांबेल. त्यानंतर त्याला दुसरे कोणी बघावे लागेल.

वेन्डेलच्या पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. पण हॅगबर्गच्या काचेवरून सगळा कोपरा आपापल्या काचा जोखत असे. तो गेला की बाकीचे जाणार, आणि मग वेन्डेलला सकाळी बूट घालायचे काही कारण उरणार नव्हते. पिवळ्या स्वयंपाकघरात दिवसभर बसून राहायचे, एवढेच. बेकरीवालीला त्याने तसे बोलूनही दाखवले होते.

रविवारी आर्लिसची बहीण लव्हॉन आली. ती शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच निवृत्त झाली होती आणि शेकडो मुलांना रांगेत उभे करायची सवय तिच्या आवाजातून अजून गेली नव्हती. ती रिकामी भांडी ज्यांची त्यांना पोचवण्यासाठी न्यायला आली होती. वेन्डेल टेबलाशी बसून आपल्या वायपरची पट्टी पुन्हा बदलत होता. मी शेजारीच होतो. तिने भांडी पिशवीत भरता भरता त्याच्याकडून सगळे काढून घेतले: रेघा, बुटांचे दुकान, हॅगबर्गचा बुधवार.

"आतून कोण पुसतं?" तिने विचारले.

"मीच."

"उभा हात मारतोस?"

वेन्डेल स्क्रू पिळत राहिला.

"बुधवारी मी येते."

"तुला जमायचं नाही, लव्हॉन. सवय लागते त्याला."

"आर्लिसला जमत होतं ते मला जमणार नाही? तिचा साधा केक कधी फुगला नाही." लव्हॉनने पिशवीला गाठ मारली. "किती वाजता निघतोस?"

बुधवारी तिने आर्लिसचा पट्टा कमरेला लावला. तो पुरला नाही, तेव्हा मागे दोरीचा तुकडा बांधला. व्हॅनमध्ये वेन्डेलने तिला रीत सांगितली. उभी रेघ आतली, आडवी बाहेरची. हे सांगताना तो रस्त्याकडे बघत होता. तिने दोनदा विचारून पक्के करून घेतले.

हॅगबर्गच्या दुकानात तिने इतका साबण लावला की फरशीवर पाणी आले. हॅगबर्गने खाली वर्तमानपत्रे पसरली. वेन्डेल बाहेर होता. लव्हॉनने मला हात उंच करून वरच्या चौकटीला टेकवले आणि खाली ओढले. आर्लिस गेल्यानंतर मी पहिल्यांदा वरून खाली आलो. तिचा हात जड होता, मधे मधे अडखळत होता, पण दिशा बरोबर होती. काचेच्या पलीकडे वेन्डेल आपले आडवे हात मारत होता. लव्हॉन त्याच्या समोर होती तरी तो तिच्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होता.

काच झाली. तेवढ्यात ऊन सरोवरावरून वर चढून खिडकीत आले.

रेघा उभ्या होत्या. प्रत्येक हाताला एक, वरपासून खालपर्यंत, सरळ. आडवी एकही नव्हती.

लव्हॉनने बोटाच्या सांध्याने काचेवर टक्‌ केले. वेन्डेलने बघितले. मग तो शिडीवरून खाली उतरला आणि आत आला.

"कोणाच्या आहेत या?" लव्हॉन म्हणाली.

वेन्डेलने हातातले फडके खांद्यावर टाकले.

"उभ्या आहेत, वेन. म्हणजे आतल्या. सकाळी तूच शिकवलंस."

"तुझा हात नवा आहे."

"नव्या हाताच्या रेघा वाकड्यातिकड्या येतील. या सगळ्या एका जागच्या आहेत." तिने मला उजेडात धरले आणि अंगठ्याचे नख धारेवरून नेले. आर्लिसच्या नखासारखेच ते फिरत होते; दोघी एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या. मधोमध नख अडकले. "इथं खाच आहे. पट्टी कधी बदललीस?"

"बदलायची आहे."

"कधीची आहे ही?"

वेन्डेलने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "आर्लिसने घातलीय," तो म्हणाला.

हॅगबर्ग मागच्या खोलीत काहीतरी शोधायला निघून गेला. लव्हॉनने खालची ओली वर्तमानपत्रे पायाने बाजूला सारली.

"तिने ही कधीच फेकली असती," ती म्हणाली. "आणि इतके दिवस ठेवलीस म्हणून तुझ्या डोक्यात बादली घातली असती."

"माहितीय मला."

"मग?"

"टाकायचं काम तिचं होतं. मी कधी टाकली नाही."

लव्हॉनने मला त्याच्यापुढे धरले. तिने स्क्रूला हात लावला नाही. वेन्डेल व्हॅनकडे गेला, पत्र्याचा डबा आणि पेचकस घेऊन आला. आर्लिसने आवळलेले स्क्रू त्याने एकेक करून सैल केले. पट्टी ओढली. ती सहज बाहेर आली. रबर काही धरून बसत नाही. ती दोन्ही टोकांनी धरून तो खिडकीशी उभा राहिला. मग हॅगबर्गच्या टेबलाखालच्या टोपलीत त्याने ती सोडली. त्या टोपलीत चष्मे पुसलेले कागद होते. पट्टी त्यांच्यावर पडली आणि थोडी उलगडली. वेन्डेल तिच्याकडे बघत राहिला. आर्लिस बघत नसे.

नवी पट्टी लव्हॉनने कापली. पन्हळीच्या टोकाला अगदी बरोबर लावून कापली.

"दोन्हीकडून थोडी जास्त ठेवायची," वेन्डेल म्हणाला. "नाहीतर कडेला पाणी राहतं."

"आधी नाही सांगायचं?"

"तू विचारलं नाहीस."

"तू सांगितलं असतंस तर विचारावं लागलं नसतं," लव्हॉन म्हणाली आणि दुसरी पट्टी कापली. ही बरोबर आली.

तिने काच पुन्हा आतून पुसली. वेन्डेल बाहेर गेला आणि त्याने आपली बाजूही पुन्हा पुसली. ती स्वच्छच होती, तरी पुसली. हॅगबर्ग मागच्या खोलीतून आला. त्याने खिडकी लांबून बघितली, जवळून बघितली, चष्मा वर करून बघितली आणि चष्मा लावून बघितली. मग तो म्हणाला, येत्या बुधवारी लवकर या, चौकटीही पुसायच्या आहेत.

व्हॅनमध्ये लव्हॉनने आपली अट सांगितली. ती येत राहील. पण आतली बाजू आतल्यासारखीच पुसली गेली पाहिजे, ती असो वा नसो. तिच्या बाजूला एकही आडवा हात दिसला तर पट्टा परत. वेन्डेलने कबूल केले. नुसती मान हलवून नाही; लव्हॉनने ते त्याच्याकडून तोंडाने वदवून घेतले.

तेव्हापासून माझे दिवस बरे चालले आहेत. लव्हॉन कामाला आली की आधी नख फिरवून बघते. खाच लागली की मला वेन्डेलकडे देते, तो पट्टी काढून टाकतो आणि ती नवी घालते. पितळावर पुन्हा हिरवे चढलेले नाही. बुटांचे दुकान परत आले नाही, पण बाकीचा कोपरा आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने अवजार असेल. ते कोणाच्या तरी हातातले असेल म्हणून तुम्ही ते जपत असाल. जपा. पण आमच्यासारख्यांना कपाटात ठेवून जपता येत नाही. आम्हाला पुसा, कोरडे करा, आणि आमचा जो भाग झिजण्यासाठीच असतो तो झिजला की काढून टाका, मग तो कोणीही बसवलेला असो. तो राहू दिलात तर आम्ही नुसत्या रेघा ओढत राहू, आणि ज्याने आम्हाला सांभाळले त्याच्याच कामाला नावे ठेवली जातील. एवढीच माझी विनंती आहे.

आता राहिले एकच सांगायचे. गुरुवारी लव्हॉन येत नाही. गुरुवारी चर्चमध्ये दुपारचे सूप वाढायचे काम तिच्याकडे आहे आणि ते ती सोडणार नाही. त्या दिवशी वेन्डेल चढावरच्या गल्लीत एकटा जातो. न्हाव्याचे दुकान, फुलांचे दुकान, हार्डवेअरवाला. बाहेरून तिन्ही काचा तो लख्ख करतो. मग आत येतो, साबण लावतो, मला पिशवीतून काढतो आणि हात उंच करून काचेच्या वरच्या टोकाला टेकवतो. आडवे न्यायचे नाही, असे त्याने कबूल केले आहे. खाली ओढणे त्याला होत नाही; तो हात आर्लिसचा. तो मला तसाच धरून थोडा वेळ उभा राहतो, मग मला पिशवीत ठेवतो, साबण फडक्याने टिपून घेतो आणि दुकानदाराला सांगतो की आतले पुढच्या वेळी. दुकानदार बरे म्हणतात. आजही गुरुवार होता.

त्या तीन दुकानांच्या काचा आतून पुसायच्या राहिल्या आहेत.